फी भरण्याआधी चार प्रश्न

कुणी विडीचं सूप मांडीवर घेऊन ऐकत असाल, कुणी चुलीपुढं, कुणी गटाच्या बैठकीत. मी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर 'रक्त काढणारी बाई'. आज मला तुमच्याशी आपल्या मुलींबद्दल बोलायचं आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरात एकच बोलणं सुरू होतं, आता पुढं काय? मुलगी हुशार असेल तर म्हणतात, "डॉक्टर होणं आपल्याला झेपायचं नाही, नर्सिंगला घालू." नर्सिंगला नंबर लागला नाही की बोलणं थांबतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स अशी दोनच माणसं काम करतात, असं आपण धरून चाललेलो असतो.

समजा, तुमच्या सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तुम्ही त्यांना सोलापूरला सिव्हिलला नेलं. केसपेपर निघाला, त्याची नोंद ठेवणारं माणूस वेगळं. एक्स-रे काढला, तो काढणारं वेगळं. रक्त घेतलं, साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट बघितला, ते आम्ही प्रयोगशाळेतले. ऑपरेशनला रक्ताची पिशवी लागली, ती रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे तपासणारं माणूस रक्तपेढीत बसलेलं. ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं निर्जंतुक करून हाताशी मांडून ठेवणारं एक, भुलीचं यंत्र तपासून डॉक्टरांच्या शेजारी उभं राहणारं दुसरं. ऑपरेशन झाल्यावर सासूबाईंना धरून पहिलं पाऊल टाकायला लावणारी फिजिओथेरपिस्ट. साखर असेल तर काय खायचं, काय टाळायचं हे सांगणारी आहारतज्ज्ञ. डॉक्टर दोन-तीन भेटले, नर्स भेटल्या, आणि त्याशिवाय किती हात लागले ते मोजा. या प्रत्येक हाताला शिक्षण लागतं, आणि त्यातली बरीच शिक्षणं तुमच्या-माझ्या लेकीच्या आवाक्यातली आहेत.

या कामांना आपण पॅरामेडिकल म्हणत आलो. आता सरकारी कागदावर 'संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय' असं नाव आलं आहे. २०२१ साली संसदेनं त्यासाठी वेगळा कायदा केला. डॉक्टर, दातांचे डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माते यांचे कायदे आधीपासून होते. बाकीच्यांना देशभर लागू होईल असा एक कायदा नव्हता. २०२१ च्या कायद्यानं या कामांचे दहा गट केले. प्रयोगशाळा हा एक गट. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय हा दुसरा. ऑपरेशन थिएटर, भूल आणि अपघात-भाजलेल्यांची सेवा यांचा एक. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहार, डोळ्यांची तपासणी, समाजात जाऊन करायची सेवा आणि मनाचं आरोग्य, डायलिसिस-हृदयतपासणीसारखी यंत्रांवरची कामं, आणि दहावा गट रुग्णांच्या नोंदी सांभाळण्याचा.

हे सगळं पुण्या-मुंबईचं आहे, असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचं सांगते.

बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीनं १९८७ साली बार्शीत खेड्यापाड्यातल्या कर्करोगाची नोंद ठेवायला सुरुवात झाली. ग्रामीण भागातली अशी नोंदवही देशात त्याआधी नव्हती. शहरातला रुग्ण दवाखान्यात येतो, तिथंच त्याची नोंद होते. खेड्यातली बाई दवाखान्यात पोचतच नव्हती. म्हणून शिकवून तयार केलेली माणसं गावोगाव गेली, लोकांशी बोलली, दुखणं अंगावर काढणाऱ्यांना दवाखान्यापर्यंत आणलं आणि त्यांची नोंद केली.

पुढं १९९९ च्या सुमारास शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठं काम उभं राहिलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३० हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लवकर कसा ओळखायचा, कुठल्या तपासणीनं जास्त जीव वाचतात, हे बघायचं होतं. बार्शीचं रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून ते केलं. गावात जाऊन बायकांची तपासणी करायला, नमुने घ्यायला प्रशिक्षण दिलेल्या नर्सताई होत्या. एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी करायला बार्शीत प्रयोगशाळा होती आणि तिथं शिकलेले तंत्रज्ञ होते. २००९ साली त्याचे निष्कर्ष अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या गटाला एकदाच ही विषाणूची तपासणी मिळाली होती, त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं जवळपास निम्मे होते.

आज जगभर या तपासणीबद्दल बोलताना या कामाचा दाखला देतात. त्या कागदावर मोठ्या डॉक्टरांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण नमुना नीट घेतला गेला नसता, बाटलीवर नाव चुकलं असतं, प्रयोगशाळेत तपासणी घाईनं उरकली असती, तर त्या कागदाला काही किंमत राहिली नसती. आमच्या कामाचं मोल असं असतं. ते नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तर माणसाला चुकीचं औषध जातं.

म्हणून या कामाचं शिक्षण खरं असावं लागतं. आजचं माझं मुख्य सांगणं तेच आहे. मुलीला या क्षेत्रात जरूर पाठवा, पण कुठल्या दारातून पाठवता ते बघून पाठवा.

आता दारं कुठली, ते बघू.

पहिलं दार दहावीनंतरच उघडतं किंवा बंद होतं. यातले बहुतेक अभ्यासक्रम बारावी विज्ञान मागतात, आणि त्यात जीवशास्त्र हवं. जवळच्या कॉलेजात कलाशाखा आहे, एसटी सोयीची आहे, म्हणून मुलीला आर्ट्सला घातलं की पुढची अनेक दारं तिथंच मिटतात. तिला विज्ञान आवडत नसेल तर प्रश्न नाही. पण आवडत असेल आणि आपण फक्त एसटीच्या वेळेवरून ठरवत असू, तर एकदा थांबून विचार करा. निकालानंतरचा तो एक आठवडा तिच्या पुढच्या चाळीस वर्षांचा असतो.

बारावी विज्ञाननंतर प्रयोगशाळा, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस अशा विषयांत पदविका किंवा पदवी करता येते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी नावाची पदवी आहे. तीन वर्षांचा अभ्यास आणि त्यानंतर रुग्णालयात प्रत्यक्ष काम, म्हणजे इंटर्नशिप. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षांची, आणि तिच्यासाठी आपल्या राज्यात नीटची परीक्षा द्यावी लागते. ऑक्युपेशनल थेरपी आणि ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवरचा अभ्यासक्रम यांनाही नीट लागते. नीट फक्त डॉक्टर होणाऱ्यांसाठी, असं समजून अनेक मुली फॉर्मच भरत नाहीत. एमबीबीएसला लागतात तेवढे गुण इथं लागत नाहीत. फॉर्म भरलाच नाही तर मात्र नाव यादीत येणार नाही.

बारावी कला किंवा वाणिज्य झालेल्या मुलीसाठी एएनएम हे दार आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वय सतरा ते पस्तीस. गावात लस द्यायला येणाऱ्या आरोग्यसेविका ताई बहुधा हेच शिकलेल्या असतात. जीएनएम तीन वर्षांचं. तिथंही शाखेची अट नाही, पण बारावीला इंग्रजी विषय आणि किमान चाळीस टक्के गुण हवेत. कायद्यानं नर्सिंग वेगळं धरलं आहे. तरी आपल्याकडं विचारणा तिचीच जास्त असते म्हणून सांगितलं. वयाची अट नीट ऐका. लग्न झालेली, एक-दोन लेकरं असलेली, बारावी शिकलेली सूनबाई असेल आणि तिचं वय तीस असेल, तर तिच्यासाठीही ते दार अजून उघडं आहे.

आणि शिक्षण बारावीपर्यंत गेलंच नाही त्यांचं काय? रुग्णांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, जेवण भरवणं, ताप-नाडीची नोंद ठेवणं, घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणं, अशा मदतनीसांचे काही महिन्यांचे प्रशिक्षण वर्ग असतात. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेतून गरीब ग्रामीण घरातल्या मुलामुलींना अशी प्रशिक्षणं मोफत मिळू शकतात. वय पंधरा ते पस्तीस, महिलांसाठी पंचेचाळीसपर्यंत सवलत. पंचायत समितीत 'उमेद'चा तालुका कक्ष असतो, तिथं चौकशी करा. हे काम कष्टाचं आणि मानाचं आहे. पण एक लक्षात ठेवा, असा वर्ग केलेली बाई मदतनीस होते, नर्स होत नाही. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं तिचं काम नाही. कुणी करायला लावलं तरी तिनं करू नये. रुग्णाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी तिच्यावर येते.

कुठलं काम कुणाला जमेल? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रयोगशाळेत बारीक नजर आणि धीर लागतो. एकसारखं काम दिवसभर न कंटाळता करावं लागतं. डायलिसिसला एका रुग्णाजवळ चारेक तास यंत्र चालतं आणि तोच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो, वर्षानुवर्षं. तिथं माणसाचा लळा असणारी मुलगी रमते. ऑपरेशन थिएटरमध्ये शिस्त हवी आणि रक्त बघून डोळे फिरायला नकोत. फिजिओथेरपीला अंगात ताकद आणि बोलण्यात गोडवा हवा, कारण दुखणाऱ्या माणसाकडून व्यायाम करून घ्यायचा असतो. जिला माणसांत बोलायला संकोच वाटतो पण टापटीप आवडते, तिच्यासाठी नोंदींचं काम आहे. मुलीचा स्वभाव तुमच्याइतका कुणाला माहीत? तो बघून ठरवा. शेजारणीच्या मुलीनं काय केलं ते बघून नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज मुद्दाम आले, तिच्याकडं वळते.

निकालाच्या दिवसांत बसस्टँडवर, चौकात, मोबाइलवर पाट्या दिसतात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा.' 'दहावी पास-नापास, लॅब टेक्निशियन डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी.' गावात ओळखीचा कुणीतरी एजंट येतो, गोड बोलतो, "दोनच जागा उरल्यात" म्हणतो. आई गळ्यातलं गहाण ठेवते, बाप म्हैस विकतो. मुलगी दोन खोल्यांच्या 'कॉलेजा'त जाते, झेरॉक्सच्या नोट्स पाठ करते, शेवटी रंगीत सर्टिफिकेट मिळतं. ते घेऊन ती मोठ्या दवाखान्यात जाते आणि तिथला बाबू विचारतो, "नोंदणी क्रमांक?" तो तिच्याकडं नसतो. पैसे तर गेलेच, वर्षंही गेली. आणि घरातले म्हणतात, "बघितलं, शिकवून काय उपयोग?" त्या घरातल्या धाकट्या बहिणीचं शिक्षण तिथंच थांबतं. एका खोट्या सर्टिफिकेटानं दोन मुलींचं नुकसान होतं.

म्हणून फी भरण्याआधी चार प्रश्न विचारायचे. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न : या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? विद्यापीठाची, राज्याच्या मंडळाची की परिषदेची? नुसतं 'सरकारमान्य' हे उत्तर धरायचं नाही. 'सोसायटी रजिस्टर आहे', 'आयएसओ आहे' हेही उत्तर नाही. संस्था नोंदवलेली असणं वेगळं आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणं वेगळं. मान्यतेचं पत्र दाखवायला सांगा, त्यावर वर्ष बघा, आणि त्या विद्यापीठाच्या किंवा परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव आहे का ते मुलीलाच मोबाइलवर शोधायला लावा.

दुसरा प्रश्न : शिकून झाल्यावर माझ्या मुलीची नोंदणी कुठल्या परिषदेकडं होणार? नर्सिंगसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. तंत्रज्ञांसाठी २०११ च्या कायद्यानं महाराष्ट्र परावैद्यक परिषद आली. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक राज्यात या व्यवसायांसाठी एक परिषद आणि एक नोंदवही सांगितली आहे. नाव कुठलंही असो, नोंदवहीत मुलीचं नाव येणार की नाही, हे आज विचारायचं. या प्रश्नावर समोरचा अडखळला तर चहा पिऊन उठा.

तिसरा प्रश्न : किती काळ शिकवणार आणि प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात? नव्या कायद्यात मोजमाप दिलेलं आहे. संलग्न व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण हवं. त्यावरच्या पायरीला, म्हणजे फिजिओथेरपिस्टसारख्या आरोग्यसेवा व्यावसायिकाला, किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिन्यांत तंत्रज्ञ करून देतो म्हणणारा काय विकतोय, ते यावरून तुमचं तुम्हालाच कळेल. आणि सुई टोचायला पुस्तक वाचून येत नाही. ज्या रुग्णालयाचं नाव सांगतील, तिथं एक दिवस स्वतः जा आणि शिकणाऱ्या मुलींशी बोला. तिथल्या मुलीच खरं सांगतील.

चौथा प्रश्न : एकूण खर्च किती आणि पावती कशाची? पहिल्या वर्षाची फी नका विचारू. शेवटच्या परीक्षेपर्यंतची सगळी रक्कम एका कागदावर लिहून मागा, होस्टेल, गणवेश, परीक्षा शुल्कासकट. रोख घेऊन साध्या कागदावर सही देणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला एजंटच्या हातात कधीही देऊ नका. कागद अडकले की मुलगी अडकते.

अजून एक. 'डिप्लोमा करून स्वतःची लॅब काढा' असं आमिष दाखवतात. रक्त तपासणं तंत्रज्ञाचं काम आहे, पण अहवालावर सही तज्ज्ञ डॉक्टरची लागते. हे माहीत नसताना कर्ज काढून यंत्रं घेतलेली घरं पुढं अडचणीत येतात.

आता पैशाचं. शासनानं ८ जुलै २०२४ च्या निर्णयानं मुलींना मोठी सवलत दिली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. एजंट 'फॉर्मची कटकट नको, थेट प्रवेश देतो' म्हणतो, तेव्हा तो तुमची ही माफीच घालवत असतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरायचे. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॅनेजर शेत लिहून मागत असेल तर हा नियम सांगा.

या सगळ्याला कागद लागतात आणि कागदांनीच मुलींचे प्रवेश हुकतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. आणि सगळ्यात वेळ खाणारं, जात वैधता प्रमाणपत्र. पणजोबा-आजोबांच्या नोंदी शोधण्यात महिने जातात. मुलगी अकरावीत असतानाच अर्ज करा. आधारवरचं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा.

आता अडचणीही सांगते, कारण फक्त गोड बोलले तर मी त्या एजंटसारखीच ठरेन. सुरुवातीचा पगार खासगी दवाखान्यात कमी असतो, कधी शिकायला घातलेल्या पैशाच्या मानानं फारच कमी. दोन-तीन वर्षं हात बसला, अनुभवाचं पत्र मिळालं की मागणी वाढते. सरकारी जागांची भरती रोज निघत नाही. निघते तेव्हा महिलांसाठी तीस टक्के आरक्षण असतं, पण स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. रात्रपाळी करावी लागते. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस आधी टोचून घ्यायची, तिचे तीन डोस असतात. एक्स-रे विभागात काम करणारीच्या छातीवर एक बिल्ला असतो, अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. तो रोज लावायचा, आणि दिवस राहिले तर लगेच विभागप्रमुखांना सांगायचं. नियम पाळून बायका हे काम आयुष्यभर सुखरूप करतात.

आणि 'लोक काय म्हणतील' ही अडचण तर जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्या माणसांच्या अंगाला हात लावायचा म्हणून समाजानं नाकं मुरडली होती. पुढं सेवासदन आपल्या सोलापुरातही आलं, तिथली मुलींची शाळा तुम्हाला माहीत आहे. आज नर्सताईला गावात मान आहे. दुसरं नाव कमलाबाई निंबकरांचं. मूळच्या अमेरिकेच्या, लग्न होऊन निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. लकवा झालेल्या, हातपाय गमावलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं जेवता यावं, कपडे घालता यावेत, कामाला लागता यावं, हे शिकवण्याचं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. त्याची देशातली पहिली शाळा त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, 'कमला निंबकर बालभवन'. या वाटेवर बायका आधीच चालून गेल्या आहेत. आपल्या मुलींना नवी वाट पाडायची नाही, रुळलेल्या वाटेवर नीट पाऊल टाकायचं आहे.

लग्नाचंही बोलते. अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणं कायद्यानं गुन्हा आहे, ते तुम्हाला माहीत आहे. पण अठरा आणि एक दिवस झाला म्हणून घाई करायचंही कारण नाही. पदविकेला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणजे एकविसाव्या वर्षी तुमची मुलगी स्वतःच्या नावाच्या नोंदणी क्रमांकासह उभी असेल. पुढं नवरा कसा निघेल, पाऊस पडेल का, कारखाना उसाचं बिल वेळेवर देईल का, हे आपल्या हातात नाही. तो क्रमांक मात्र तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. सासर बार्शीला असो, पंढरपूरला असो की पुण्याला, दवाखाना सगळीकडं आहे.

शेवटी गटांसाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास काढा. गावातल्या दहावी ते बारावीच्या मुलींची नावं एका पानावर लिहा. प्रत्येकीपुढं तीन गोष्टी नोंदवा : शाखा कुठली, कुठले दाखले तयार आहेत, कुठले नाहीत. दाखल्यांसाठी तहसीलला एकेकटीनं हेलपाटे घालण्यापेक्षा चार-पाच आयांनी मिळून एका दिवशी जा. गावच्या आशाताईंना, आरोग्यसेविका ताईंना बैठकीला बोलवा, त्या कुठं शिकल्या ते विचारा. कुणी एजंट गावात आला तर त्याला एकेका घरात बसवू नका, गटाच्या बैठकीत बोलवा आणि सगळ्यांसमोर ते चार प्रश्न विचारा. खरा असेल तर कागद दाखवेल. आणि एखाद्या मुलीला फॉर्मच्या पैशासाठी, एसटीच्या भाड्यासाठी अडत असेल, तर गटातून अंतर्गत कर्ज द्या. म्हशीला देतो, बियाण्याला देतो, तसं मुलीच्या प्रवेशालाही द्या.

चार प्रश्न पुन्हा एकदा सांगते. मान्यता कुणाची? नोंदणी कुठं? किती काळ आणि कुठल्या रुग्णालयात? एकूण खर्च किती आणि पावती कशाची? ज्यांनी लिहून घेतले नसतील त्यांनी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्या.